मूल आपले, नागरिकत्व मात्र अर्जावर

अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली परदेशातून दत्तक आणलेल्या मुलांसाठी एक कायदा केला. मूल अठरा वर्षांखालचे असेल, कायम वास्तव्याच्या व्हिसावर देशात आले असेल, दत्तकविधान पूर्ण झालेले असेल आणि आई-वडिलांपैकी एक जण जरी अमेरिकी नागरिक असेल, तर त्या मुलाला वेगळा अर्ज न करता नागरिकत्व मिळते. कायद्याची वाहवा झाली आणि ती रास्तच होती. पण याच कायद्याच्या उत्तरार्धात आणखी एक तरतूद आहे, आणि मला ती मुख्य कलमापेक्षा जास्त बोलकी वाटते. नागरिक नसताना मतदान करणे हा अमेरिकेत गुन्हा आहे. त्यापायी हद्दपारीही होऊ शकते. या तरतुदीने काही जणांना त्यातून सूट दिली. ज्याचे जन्मदाते किंवा दत्तक आई-वडील दोघेही नागरिक आहेत किंवा होते, जो सोळा वर्षांचा होण्याआधीपासून अमेरिकेत कायमचा राहिला आणि आपण नागरिकच आहोत असे ज्याला रास्तपणे वाटत होते, त्याला मतदान केले म्हणून हद्दपार करू नये. ही सूट मागील तारखेपासून लागू केली गेली.

म्हणजे कायदे करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. परदेशातून लहानपणी आणलेली, अमेरिकी आई-वडिलांच्या घरात वाढलेली, मतदानाच्या रांगेत उभी राहणारी आणि तरीही नागरिक नसलेली प्रौढ माणसे आपल्या देशात आहेत, हे माहीत असल्याशिवाय असे कलम कोणी लिहीत नाही. त्यांचे मतदान माफ झाले. नागरिकत्व मात्र त्यांना दिले नाही. कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली होती, तो बाहेर राहिला. एकाच घरात एकाच वर्षी दत्तक आलेली दोन भावंडे घ्या: सतरा वर्षांचे त्या दिवशी आपोआप नागरिक झाले, अठरा वर्षांचे परके राहिले. माफी मागच्या तारखेने आणि हक्क पुढच्या तारखेने, असा हा हिशेब आहे.

परदेशातून मूल दत्तक घेण्याबद्दल बरेच वाद आहेत आणि त्यातले काही फार गंभीर आहेत. त्यांच्याकडे मी पुढे येतोच. पण नागरिकत्वाच्या प्रश्नावर मला दुसरी बाजू दिसत नाही. ज्या दिवशी एखादे मूल कायद्याने नागरिकाचे अपत्य होते, त्याच दिवशी ते त्या देशाचे नागरिक झाले पाहिजे. आई-वडिलांनी अर्ज केला तर, शुल्क भरले तर, मुदत पाळली तर, अशा अटींवर ते टांगून ठेवता कामा नये. आणि जिथे असे टांगून ठेवले गेले, तिथे आता प्रौढ झालेल्या त्या माणसांना मागील तारखेपासून नागरिकत्व द्यायला हवे.

हा घोळ बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टाव्यातून झालेला नाही. दत्तक हा कौटुंबिक कायद्याचा विषय. तो न्यायालयात सुटतो. मुलाचा परदेशप्रवेश वकिलातीत ठरतो आणि नागरिकत्वाचे खाते तिसरेच असते. न्यायाधीशाने आदेशावर सही केली की आई-वडिलांना वाटते, संपले सगळे. का वाटू नये? आदेशात लिहिलेले असते की हे मूल आता सर्व बाबतींत तुमचे. वारसा हक्क आला, आडनाव आले, नवा जन्मदाखला आला. ‘सर्व बाबतींत’ या शब्दांतून नागरिकत्व तेवढे वगळलेले आहे, हे सामान्य माणसाला सुचणार कसे?

भारतातून बाहेर गेलेल्या मुलांच्या बाबतीत तर वाट आणखी लांब होती. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंपुरता, त्यामुळे ख्रिस्ती किंवा अन्यधर्मीय परदेशी दांपत्याला इथल्या न्यायालयात मूल दत्तक घेता येत नसे. त्यावर तोड म्हणून १८९० चा पालक आणि पाल्य कायदा वापरला जाई. न्यायालय त्या दांपत्याला मुलाचे पालक नेमे आणि मूल पाल्य म्हणून देश सोडे. दत्तकविधान परदेशात व्हायचे. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात ६ फेब्रुवारी १९८४ रोजी या व्यवहाराला पहिल्यांदा नीट शिस्त लावली. न्या. भगवतींचा तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे. मुलांचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून त्यात बारीकसारीक अटी घातल्या आहेत. आई-वडिलांकडून दोन वर्षांच्या आत दत्तकविधान पूर्ण करण्याची हमी घ्यावी, ही त्यातलीच एक. पण मुलाने देश सोडल्यावर पालकत्वाचे दत्तकात आणि दत्तकाचे नागरिकत्वात रूपांतर झाले की नाही, हे इथल्या न्यायालयाला कळायचे ते परदेशातल्या संस्थेच्या अहवालांतून. एक टप्पा राहून गेला, तर मूल ना इकडचे ना तिकडचे.

दक्षिण कोरियातही थोड्याफार फरकाने हेच घडले. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत तिथून दीड-दोन लाख मुले पाश्चात्त्य देशांत गेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेत. कित्येक मुले दत्तक होण्यासाठी येणाऱ्यांच्या व्हिसावर विमानात बसली, दत्तकविधान अमेरिकेत पोहोचल्यावर व्हायचे होते आणि नागरिकत्वाचा अर्ज त्याहीनंतर. बहुतेक आई-वडिलांनी तो केला. काहींना तो करायचा असतो हेच ठाऊक नव्हते. काहींनी केला नाही.

या ‘केला नाही’मध्ये सगळ्यात मोठा अन्याय दडलेला आहे. नागरिकत्वाचा अर्ज करणे आई-वडिलांवर सोपवले, की कोणाची मुले मागे राहतात? जे आई-वडील जबाबदार, मायाळू, कागदपत्रांत दक्ष, त्यांच्या मुलांचे काम होऊन जाते. मागे राहते ते ज्या घरात मारहाण झाली, जिथे दत्तक मोडले, जिथून मुलाला काढून सरकारी आश्रयगृहात किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवले गेले, त्या घरातले मूल. ज्याला कायद्याच्या आधाराची सर्वात जास्त गरज, त्याचाच आधार त्याला छळणाऱ्याच्या सहीवर अवलंबून. अशी रचना कोणी मुद्दाम केली असती, तर आपण तिला क्रूर म्हटले असते. दुर्लक्षातून झाली म्हणून तिला प्रशासकीय त्रुटी म्हणायचे!

१९९६ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा कडक केला. हद्दपारीला पात्र ठरणाऱ्या गुन्ह्यांची व्याख्या इतकी फुगवली, की चोरीसाठी झालेली एक वर्षाची शिक्षाही ‘गंभीर गुन्हा’ ठरू लागली. न्यायाधीशाला माणसाचे सगळे आयुष्य बघून दया दाखवण्याची जी मुभा होती, ती अशा प्रकरणांत काढून घेतली गेली. त्या जाळ्यात नागरिकत्व राहून गेलेली दत्तक मुले सापडली. मुंबईतून वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी अमेरिकेला दत्तक गेलेल्या एका स्त्रीला २००८ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यावरून भारतात परत पाठवले गेले. लहानपणी ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली होती. नवरा आणि मुले तिकडेच राहिली. इथली भाषा येत नाही, कोणी नातलग नाही, जन्माची नोंद धड नाही आणि भारत सरकारच्या दृष्टीनेही ती नेमकी कोण हे स्पष्ट नाही. तिचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या देशाने तिला दत्तक म्हणून निरोप दिला होता, त्यानेच हद्दपार म्हणून तिला उतरवून घेतले, आणि दोन्ही वेळी तिला कोणी विचारले नव्हते.

कोरियातले एक प्रकरण न्यायालयात आणखी लांब गेले. १९७९ मध्ये वयाच्या तिसऱ्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या, दोन घरांमध्ये छळ सोसलेल्या एका माणसाला २०१६ मध्ये सोलला हद्दपार करण्यात आले. त्याने दत्तकसंस्थेवर आणि कोरियन सरकारवर दावा लावला. सोलच्या जिल्हा न्यायालयाने २०२३ मध्ये संस्थेला दहा कोटी वॉनची भरपाई द्यायला सांगितले. नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण करायची असते हे संस्थेने दत्तक आई-वडिलांना सांगितले नाही, असा ठपका ठेवला. सरकारला मात्र सोडून दिले. जानेवारी २०२५ मध्ये अपिलात संस्थाही सुटली. म्हणजे आई-वडिलांनी अर्ज केला नाही, संस्थेने सांगितले नाही, एका सरकारने विचारले नाही, दुसऱ्याने दिले नाही. शेवटी कायद्याच्या लेखी दोषी कोणीच नाही आणि शिक्षा भोगणारा एकच. हा निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर असेलही. म्हणूनच तर चौकट बदलायला हवी.

हद्दपारीच्या बातम्या होतात, कारण त्यात नाट्य असते. पण बहुतेकांची गोष्ट एवढी ठळक नाही. एखाद्याला चाळिशीत पहिल्यांदा पासपोर्ट काढावासा वाटतो आणि कळते की आपण नागरिक नाही. एखादीला निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर कळते. कायम वास्तव्याचा पुरावा हाताशी असेल आणि नावावर गुन्हा नसेल, तर इतर स्थलांतरितांसारखा अर्ज करून नागरिक होता येते. पण पर्यटक म्हणून किंवा वैद्यकीय उपचारांसाठी म्हणून आणलेल्या मुलांकडे तोही पुरावा नसतो. अशांना वयाच्या पन्नाशीत एकच सल्ला मिळतो: गप्प बसा, कुठे अर्ज करू नका, सरकारच्या नजरेत येऊ नका. वर्षानुवर्षे कर भरलेल्या माणसाला असा सल्ला देणे वकिलालाही जड जात असणार.

यावर उपाय सापडत नाही अशातला भाग नाही. तो कित्येक देशांनी केव्हाच केला आहे. जर्मनीच्या नागरिकत्व कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, दत्तकाचा अर्ज करताना मूल अठरा वर्षांखालचे असेल आणि जर्मन नागरिकाने ते दत्तक घेतले, तर दत्तकाबरोबरच ते जर्मन होते. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात ब्रिटिश न्यायालयाच्या दत्तक-आदेशाच्या तारखेपासून मूल ब्रिटिश ठरते, दत्तक घेणाऱ्यांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असला म्हणजे झाले. आंतरदेशीय दत्तकावरच्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या दत्तकालाही हे लागू आहे, मात्र आई-वडील ब्रिटनमध्ये राहणारे हवेत. कराराबाहेरच्या देशातले दत्तक असेल, तर मामला गृहमंत्र्याच्या मर्जीवर जातो. कॅनडाने डिसेंबर २००७ पासून मुलाला आधी स्थलांतरित करण्याची अट काढली आणि थेट नागरिकत्व देऊ केले, पण अर्ज ठेवलाच. पुढे २००९ मध्ये परदेशात जन्मलेल्यांच्या पुढच्या पिढीला मर्यादा घातली, तेव्हा या मार्गाने नागरिक झालेली दत्तक मुलेही त्या मर्यादेत अडकली. स्वतः नागरिक, पण परदेशात झालेल्या आपल्या अपत्याला नागरिकत्व देता येत नव्हते! डिसेंबर २०२३ मध्ये ओंटारियोच्या न्यायालयाने ही मर्यादाच घटनाबाह्य ठरवली.

फ्रान्सचे उदाहरण जरा निराळे आहे आणि माझ्या मते विचार करण्यासारखे आहे. तिथे दत्तकाचे दोन प्रकार आहेत. ‘पूर्ण’ दत्तकात जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते तुटते. त्यात मूल आपोआप फ्रेंच होते. ‘साध्या’ दत्तकात जुने नाते टिकते आणि त्यावर नवे जोडले जाते; त्यात मूल सज्ञान होण्याआधी नागरिकत्वासाठी घोषणापत्र द्यावे लागते. तर्क दिसतो तसा सरळ आहे: नाते जितके पूर्ण, तितके नागरिकत्व आपोआप. पण जन्मदात्या आईशी नाते टिकवणे हे मुलाच्या भल्याचे असते, असे आज अनेक तज्ज्ञ सांगतात, आणि तेच केल्याबद्दल मुलाच्या वाट्याला एक जास्तीचा कागद यावा, ही उलटी बक्षिसी झाली.

आंतरराष्ट्रीय कायदा इथे आपल्याला मदत करेल असे कोणाला वाटेल. आंतरदेशीय दत्तकावरचा हेग करार २९ मे १९९३ चा. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून. त्याच्या पाचव्या आणि सतराव्या कलमांत अट आहे की मूल सोपवण्याआधी त्याला नव्या देशात प्रवेश आणि कायमचे वास्तव्य मिळेल याची खात्री झालेली हवी. सव्विसावे कलम मूल आणि दत्तक आई-वडील यांचे नाते मान्य करायला लावते. नागरिकत्वावर करार गप्प आहे. नागरिकत्व कोणाला द्यायचे हा प्रत्येक देशाला आपला खासगी मामला वाटतो, आणि त्या आग्रहापुढे मुलांच्या हिताचा करारही थबकला. बालहक्क संहितेचे सातवे कलम प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क देते, पण कोणत्या देशाकडून, हे सांगत नाही. राष्ट्रीयत्वावरच्या १९९७ च्या युरोपीय कराराने दत्तक मुलांना नागरिकत्व मिळणे ‘सुकर’ करायला सांगितले आहे. सुकर करणे म्हणजे देणे नव्हे, हे कोणत्याही सरकारी कार्यालयात गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: नागरिकत्व आपोआप मिळू लागले, तर लोक पुतण्या-भाच्यांना खोटे दत्तक दाखवून देशात आणतील. भीती निराधार नाही. असे प्रयत्न होतात. पण पडताळणीची जागा कुठली? दत्तक-आदेश देण्याआधी गृहभेटी होतात, आर्थिक स्थिती तपासली जाते, दोन देशांची प्राधिकरणे संमती देतात, न्यायालय किंवा सक्षम अधिकारी आदेश काढतो. एवढ्या चाळण्यांतून जे नाते खरे ठरले, ते नागरिकत्वाच्या खिडकीवर पुन्हा संशयित का व्हावे? दत्तकाची छाननी कमी पडत असेल तर ती कडक करा. तिथे ढिलाई ठेवायची आणि मग त्याची भरपाई मुलाला वर्षानुवर्षे परके ठेवून करायची, हा मार्ग लबाडीला तर रोखतच नाही, खऱ्या मुलाला मात्र गाठतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो दत्तक गेलेल्या प्रौढांकडूनच येतो. ते म्हणतात, आंतरदेशीय दत्तकाचा इतिहासच मुळात खोट्या कागदांचा आहे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये तसे नोंदवलेही: आई-वडील हयात असलेली मुले अनाथ म्हणून दाखवली गेली, ओळखी बदलल्या गेल्या आणि सरकारने त्यावर देखरेख ठेवली नाही. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवले. चीनने २०२४ मध्ये, जवळच्या नातलगांचा अपवाद सोडून, आपली मुले परदेशी दत्तक देणे बंद केले. अमेरिकेत २००४ मध्ये सुमारे २३ हजार मुले परदेशातून दत्तक आली होती. २०२३ मध्ये तो आकडा तेराशेच्याही खाली होता. अशा वेळी झटपट नागरिकत्व म्हणजे चोरून आणलेल्या मुलावर कायमचा शिक्का मारणे नव्हे का?

मला हा आक्षेप समजतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. मूल बेकायदा मार्गाने आणले गेले असेल, तर गुन्हेगार मोठी माणसे आहेत. नागरिकत्व अडवून त्यांचे काहीही बिघडत नाही. उलट ज्याच्याकडे भक्कम नागरिकत्व आहे, तोच माणूस निर्धास्तपणे आपल्या जन्मगावी जाऊ शकतो, तिथल्या कचेरीत जुने दप्तर मागू शकतो, दत्तकसंस्थेवर दावा लावू शकतो आणि परत घरीही येऊ शकतो. ज्याचे नागरिकत्वच डळमळीत, तो विमानात बसायला घाबरतो. मुळांचा शोध घ्यायलासुद्धा पासपोर्ट लागतो.

आणि तिसरा, जो अमेरिकी संसदेत प्रत्येक वेळी विधेयक अडवतो: गुन्हेगारांना कशाला नागरिकत्व? राहून गेलेल्या प्रौढ दत्तकांना सामावून घेणारी विधेयके तिथे २०१५ पासून पुन्हा पुन्हा मांडली गेली आहेत. २०२२ मध्ये तर प्रतिनिधीगृहाने एका मोठ्या आर्थिक विधेयकाचा भाग म्हणून ती तरतूद मंजूरही केली, पण अंतिम कायद्यातून ती गळाली. या आक्षेपाचे उत्तर एका वाक्याचे आहे. पोटच्या मुलाने चोरी केली तर त्याला तुरुंगात टाकतात, देशाबाहेर टाकत नाहीत. दत्तक मूल पोटच्या मुलासारखेच, असे कायदा म्हणत असेल, तर ते त्याच्या गुन्ह्याच्या बाबतीतही खरे असायला हवे. चांगल्या वागणुकीच्या अटीवर दिलेले अपत्यत्व हे अपत्यत्व नव्हे, ती नोकरी झाली.

भारताकडे वळल्यावर चित्र दोन तोंडी दिसते. इथून परदेशी जाणाऱ्या मुलांबाबत आपण बरेच शहाणे झालो आहोत. आता दत्तक-आदेश इथेच होतो आणि मग मूल जाते. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या नियमांप्रमाणे परदेशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने दोन वर्षे मुलाचे अहवाल पाठवायचे आणि नागरिकत्व मिळाल्याचा पुरावाही द्यायचा. म्हणजे दुसऱ्या देशाने आपल्या मुलाला ताबडतोब नागरिक करावे, असा आपला आग्रह आहे. आग्रह योग्यच. मग भारतीय नागरिकाने परदेशातून आणलेल्या मुलाचे काय? त्याला परदेशी पासपोर्टवर व्हिसा घ्यावा लागतो, गृहमंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगी लागते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दत्तक मुलासाठी वेगळी तरतूद नाही. पाचव्या कलमाखाली नागरिकांच्या अल्पवयीन अपत्यांची नोंदणी करता येते, पण ती अर्जाने आणि सरकारचे समाधान झाल्यावर. दुसऱ्यांकडून आपण जे मागतो, ते आपल्या कायद्यात नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण या पोकळीत नेमके बोट ठेवते. एका दांपत्याने अमेरिकेत जन्मलेल्या, तिथलेच नागरिकत्व असलेल्या नात्यातल्या मुलाला अगदी तान्हेपणी इथे आणले होते. मूल त्यांच्याकडेच वाढत होते. ‘कारा’ने नोंदणी नाकारली. न्यायालयाने म्हटले की हे मूल बाल न्याय कायद्याच्या अर्थाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल नाही, विधिसंघर्षग्रस्तही (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलेही) नाही, आणि अमेरिकी नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा भारतीयाला मूलभूत हक्क नाही. आधी अमेरिकी कायद्याप्रमाणे दत्तक पूर्ण करा, मग इथली प्रक्रिया. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला, त्यात चूक काढता येणार नाही. परदेशी मूल थेट इथल्या आदेशाने दत्तक देण्यात धोके आहेत, हेही मान्य. पण समजा त्या आई-वडिलांनी सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तिकडचा आदेश आणला, इथली परवानगी मिळवली; तरी मूल त्या दिवशी भारतीय होणार नाही. त्याला वाढवणारे भारतीय, त्याचे घर इथले, आणि ते मात्र आपल्याच घरात व्हिसावर.

इथे कोणी दुहेरी नागरिकत्वाची अडचण काढेल. भारतात ते चालत नाही, मग मुलाचा जुना पासपोर्ट आई-वडिलांनी परस्पर रद्द करून टाकायचा का? मुलाची मूळ ओळख जपण्याचा हक्कही बालहक्क संहितेच्या आठव्या कलमात आहेच. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात पडून आहे. भारतीय आई-वडिलांच्या पोटी परदेशात जन्मलेले मूल, त्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत झाली की, वंशपरत्वे भारतीय ठरते, आणि जन्मदेशाचे नागरिकत्वही त्याला मिळालेले असू शकते. अशा मुलासाठी चौथ्या कलमात २००३ मध्ये एक पोटकलम घातले गेले: सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरे नागरिकत्व सोडावे, नाहीतर भारतीय नागरिकत्व जाईल. म्हणजे अठरा वर्षांपर्यंत दोन्ही चालतात आणि निवड ते मूल स्वतः करते, आई-वडील नव्हे. दत्तक मुलाला याच कलमात आणायचे असेल, तर फार लिहावे लागणार नाही. भारतीय नागरिकाने कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले परदेशी मूल आदेशाच्या तारखेपासून वंशपरत्वे नागरिक मानले जाईल, एवढे एक वाक्य; आधी झालेल्या दत्तकांनाही ते लागू राहील, हे दुसरे. नोंदणीचा कागद देण्याचे काम ‘कारा’ने ना-हरकत पत्राबरोबरच गृहमंत्रालयाकडे पाठवावे, म्हणजे आई-वडिलांना त्यासाठी वेगळे दार ठोठवावे लागणार नाही.